धाकटी आली का?

१२ जानेवारी

ताई,

अनोळखी माणसाचं पत्र म्हणजे एक तर वर्गणी, नाहीतर वाईट बातमी. मी वर्गणी मागत नाहीये.

तुमच्या बाबांना, म्हणजे आमच्या सरांना, मागच्या आठवड्यात पक्षाघाताचा झटका आला. लॅबमध्येच. हातातला फ्लास्क त्यांनी आधी नीट स्टँडला लावला आणि मग खाली बसले. उजवी बाजू गेली आहे. जीव वाचला, पण बोलणं जवळजवळ संपलं. दिवसाकाठी एखाददुसरा शब्द येतो, आणि तो शोधताना त्यांचा चेहरा बघवत नाही. एका स्वल्पविरामावरून आम्हाला तासभर झापणारा माणूस आता 'पाणी' म्हणायला घाम गाळतो.

मी त्यांची विद्यार्थिनी. शेवटची. निवृत्त होऊनही ते माझ्यासाठी लॅबची खोली अडवून बसलेत, असं विभागप्रमुखांचं म्हणणं. माझ्या मते मीच त्यांच्यासाठी अडकून बसले आहे. सर मला घाईबाई म्हणतात. का, ते तुम्हाला या अक्षरावरून कळेलच.

पत्ता तुमच्या दादांनी दिला. ते समुद्रापलीकडून धावत आले, सरांसाठी एक मावशी ठेवल्या, रजा संपली तसे परत गेले. जाताना म्हणाले, "मी फोन करून थकलो. ती नंबर बघूनच उचलत नाही. तुम्ही कागदावर लिहा. फाडायच्या आधी माणूस कागद निदान वाचतो तरी."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो आणि तो हे शरीर सोसणार नाही. तेव्हा भेटायचं असेल तर आत्ताच. आईंच्या शेवटच्या आजारापासून तुमचं आणि सरांचं बोलणं नाही, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं विचारायचा मला अधिकार नाही. कळवणं माझ्या हातात होतं, ते केलं.

सरांची विद्यार्थिनी

२३ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज टपालाच्या पेटीत डोकावले. स्वभावाला औषध नाही.

सरांना घरी आणलंय. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी पलंग लावलाय. डोक्याशी औषधांचं टेबल, त्यावर तुमचा लांब वेणीतला जुना फोटो, पायाशी एक लाकडी खुर्ची. दिवसा मावशी असतात, संध्याकाळी मी लॅब आटोपून जाते आणि त्या खुर्चीत बसून दिवसभरात काय झालं ते सांगते. ते ऐकतात. चुकीचं काही बोलले तर डावी भुवई अजून वर जाते. ती एक गोष्ट झटक्यानंही गेली नाही.

काय सांगते म्हणाल, तर तिघी बहिणींचं सांगते. या तिघींबद्दल तुम्हाला कितपत माहीत आहे, मला कल्पना नाही. सरांकडे कुठल्याही कुटुंबातली नवी संयुगं अशीच ओळखली जातात: थोरली, मधली, धाकटी. वहीत भलीमोठी नावं लिहायची, तोंडी मात्र नाती. "थोरलीला बाहेर काढ." "मधलीचं नाटक काय आज?" नवीन आलेला विद्यार्थी आठवडाभर समजतो की सरांच्या घरात फार बायका आहेत.

तिघींची ठेवण एकच. मधोमध धातूचा एक अणू, आणि त्याला तीन हातांनी धरून बसलेली कार्बनची चौकट. दोन हात तिघींचे अगदी सारखे. तिसऱ्या हाताच्या टोकाला काय लटकलंय, तेवढाच काय तो फरक. थोरलीच्या हाताला जवळजवळ काही नाही, मधलीच्या हाताला थोडं ओझं, आणि धाकटीच्या हाताला एवढा मोठा गट की नाकापेक्षा मोती जड. काम तिघींना एकच दिलेलं, दुसऱ्या एका रेणूला हायड्रोजन जोडून द्यायचा आणि स्वतः पुन्हा होतं तसं मोकळं व्हायचं. थोरली दिसायला सुरेख, साखरेसारखे क्रिस्टल, टेबलावर उघडी ठेवली तरी बिघडत नाही. पण काम सांगा, ढिम्म. मधली तापवली की करते. आणि धाकटी? तापवायलासुद्धा लागत नाही, चहा होईपर्यंत काम हातावेगळं. मात्र जरा हवा लागली की काळी पडून मेली. दुभत्या गाईच्या लाथा खायच्या म्हणून तिला आम्ही हवा नसलेल्या काचेच्या पेटीत ठेवतो आणि पेटीलाच बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून हाताळतो.

आता एकाच घरातल्या तिघींत एवढा फरक का? सरांचं म्हणणं असं, की धाकटीला तो तिसरा हात झेपत नाही, ती तो सोडून देते. हात सुटला की धातूपाशी जागा मोकळी होते आणि येणारा तिथं बसतो. थोरली हात घट्ट धरून बसते, म्हणून तिच्याकडे कुणाला बसायला जागाच नाही. सगळं पटतं. पण पुरावा हवा तर धाकटीचा क्रिस्टल हवा, म्हणजे एक्स-रेनं कोण कुठे बसलंय ते दिसेल. आणि धाकटी क्रिस्टल देत नाही. काहीही करा, तळाशी चिकट लाल तेल. लोकांचं नमनाला घडाभर तेल जातं, आमची सगळी वर्षं तेलातच गेली.

हे मी तुम्हाला का लिहितेय? कारण सरांविषयी दुसरं काही मला माहीतच नाही. सात वर्षं रोज भेटणारा माणूस, आणि त्याच्या मुलीला लिहायला बसले तर माझ्याजवळ तीन संयुगं आहेत. तुम्ही याल का, एवढंच विचारायचं होतं.

घाईबाई

२ फेब्रुवारी

ताई,

आली! धाकटी आली!

माफ करा, पण कुणाला तरी सांगायलाच हवं आणि मावशींना यातलं ओ की ठो कळत नाही. झटक्याच्या आदल्या दिवशी सरांनी एक कुपी लावून दिली होती. खाली धाकटीचं द्रावण, त्यावर अलगद दुसऱ्या द्रवाचा थर. दोन्ही एकमेकांत हळूहळू मुरत गेले तर क्रिस्टल पडायचे, अशी ती आशा. अशा कुप्या मी पूर्वीही लावल्या आहेत, पण मला दम नाही. दुसऱ्याच दिवशी उचलून उजेडात धरायची, हलवायची, की झालं तेल. या वेळी दवाखान्याच्या धावपळीत ती फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात विसरली. माझा हात लागला नाही म्हणून जमलं. आज बघते तर काचेला चिकटलेले डाळिंबी खडे!

एक खडा एक्स-रेला लावला आणि तशीच सरांकडे पळाले. कोट काढायचं भान नव्हतं. दारातून आत जाते तोच सरांनी मान वळवली. शब्द शोधायला लागले. मी थांबले, मावशी थांबल्या. मग आला, एक नाही, तीन शब्द आले. झटक्यानंतरचं पहिलं वाक्य, ताई.

"धाकटी... आली का?"

बोलाफुलाला गाठ म्हणतात ती हीच. मी ओरडलेच, "आली सर! आजच आली! काय सुंदर आलीय!"

सर रडले. सात वर्षांत मी त्यांना शिंकतानासुद्धा फारसं पाहिलं नव्हतं. डाव्या हातानं माझा हात घट्ट धरला आणि रडले. मीही रडले. एवढंच सांगायचं होतं. उद्या एक्स-रेचा निकाल आला की तोही कळवते.

३ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं म्हणायचं की वाईट, कळत नाही. पुढचं त्याच कागदावर लिहितेय.

आज सकाळी मावशींचा फोन आला. "अहो बाई, तुमचे सर ऐकेनात. पहाटेपासून हनुवटीला हात लावून दाखवतायत. दाढी करायचीय म्हणे. मी केली. मग शर्ट ओढून दाखवला, बदला म्हणून. तो निळा. तोही घातला. आता दाराकडे बघत बसलेत. कधी येणार त्यांची मुलगी? निदान वेळ तरी सांगून ठेवा."

मी म्हटलं, "कोण मुलगी?"

"अहो, धाकटी. काल तुम्हीच ओरडून सांगितलंत ना, आली म्हणून!"

ताई, मी लॅबच्या जिन्यातच बसले. माझ्या डोक्यात क्षणभरसुद्धा आलं नव्हतं. त्या घरात धाकटी म्हणजे मुलगी असू शकते, हे मला सुचलंच नाही. मावशींना सुचलं. कुणालाही सुचलं असतं. सात वर्षं त्या खोलीत काढलेल्या एका माणसाला तेवढं सुचलं नाही, आणि नेमकं तेच माणूस दारात उभं होतं.

सर कुणाबद्दल विचारत होते, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. पण क्रिस्टलसाठी कुणी निळा शर्ट घालत नाही. संध्याकाळी गेले तेव्हा ते तसेच दाराकडे बघत होते. मला बघून माझ्या मागे बघितलं. आत्ता, आत्ता खरं सांगायचं असं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "सर, वाटेत आहेत त्या. गाड्यांचा काही भरवसा नाही हल्ली."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. आता या थापेतून मला फक्त तुम्हीच सोडवू शकता. या. एक दिवस या. हात जोडून सांगते.

घाईबाई

१४ फेब्रुवारी

ताई,

दररोज सकाळी दाढी. मावशी म्हणतात, आता त्वचा सोलवटायला लागलीय, एक दिवसाआड करू म्हटलं तर ऐकत नाहीत. घंटी वाजली की मान वळते. औषधवाला येतो, शेजारचे येतात, मी येते. जे कुणी येतं ते तुम्ही नसता. मी रोज नवीन थाप मारते. रजा मिळाली नाही. तिकडे वादळ आहे. काल मी वादळ म्हटलं तेव्हा सरांनी खिडकीबाहेरचं निरभ्र आकाश बघितलं आणि भुवई वर केली.

निकाल आला. सांगायला नको, पण आता सगळंच सांगतेय तर हेही ऐका. धाकटी हात सोडत नाही. तिसरा हात धातूला जोडलेला आहे, थोरलीइतकाच घट्ट. दोघींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर केसाएवढा फरक नाही, आणि आमच्या हिशेबात केस म्हणजे डोंगर. इतक्या वर्षांचं सगळं बोलणं त्या सुटलेल्या हातावर उभं होतं. सरच म्हणायचे, क्रिस्टल म्हणजे झोपलेला माणूस, झोपलेल्याचा फोटो काढून तो कसा पळतो ते कळत नाही. तेव्हा फ्लास्कमध्ये, काम करताना, ती हात सोडत असेलही. पण ते मला दाखवता येत नाही आणि न दाखवता येणारी गोष्ट कागदावर लिहिता येत नाही. विभागप्रमुखांनी खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली आहे. प्रबंधाचं काय करायचं ते विचारायला ज्यांच्याकडे जायचं, ते दाराकडे बघत बसलेत.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जिन्यात मला आधी वाईट वाटलं ते स्वतःसाठी. वाटलं, इतकी वर्षं माझ्याशी बोलले ते धाकटीबद्दल, आणि झटक्यानंतर पहिलं वाक्य सुचलं ते मात्र आमच्या धाकटीचं नव्हतं. नंतर स्वतःची लाज वाटली. तुम्हाला हे लिहायचं कारण नव्हतं, पण तुम्हीही कदाचित कधी असंच काही मनात म्हटलं असेल, म्हणून लिहिलं.

दोन ओळी तरी पाठवा. काय सांगू त्यांना?

घाईबाई

२५ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मी चमकलेच. सरांचंच वळण, तसाच पुढे झुकलेला 'र'.

तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लहान होतात, अंगात ताप होता, आणि पलंगावरून ऐकलंत की बाबा फोनवर म्हणाले, "धाकटी तापलीय? निघालोच मी." तुम्ही उठून बसलात, उशीखालून कंगवा काढून केस विंचरलेत. आणि बाबा चपला घालून लॅबला गेले. त्या वर्षीच्या कुठल्याशा कुटुंबातली धाकटी होती ती, मला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. पुढे आई गेल्या त्या संध्याकाळी तुम्ही लॅबमध्ये फोन केलात तर कुणीतरी सांगितलं, सर धाकटीपाशी आहेत, उठता येणार नाही. पुढं तुम्ही एवढंच लिहिलंत, "मी तर आईपाशी होते."

सरांची बाजू मला मांडता येत नाही. मांडावीशीही वाटली नाही. तसे फ्लास्क मीही सोडून उठलेले नाही, आणि मला पोरंबाळं नाहीत म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

तुम्ही शेवटी लिहिलंत, "त्यांना सांगा, आला तो क्रिस्टल. मी नाही. त्यांना बरं वाटेल." तुमचा निरोप, म्हणून मी तो पोचवला. सगळं सांगते.

काल मी धाकटीच्या रचनेचं चित्र मोठ्या कागदावर छापून नेलं. पलंगाशी बसले. म्हटलं, "सर, माझी चूक झाली. मी आली म्हटलं ती ही. ताई आल्या नाहीत." त्यांनी कागद डाव्या हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग कागद मांडीवर ठेवून एक बोट धातूवर टेकवलं आणि तिसऱ्या हातावरून हळूहळू पुढं नेलं. बोट कुठेच तुटलं नाही. त्यांना कळलं. मला समजावून सांगावं लागलं नाही.

"घट्ट," म्हणाले.

मी म्हटलं, "हो सर. थोरलीसारखाच."

मला वाटलं आता कोसळतील. पण ते हसले. अर्धाच चेहरा हसतो त्यांचा आता, पण हसले. स्वतःची फजिती झाली की हसायचे तसेच. मग कागद उलटा करून पाण्याच्या पेल्याखाली सरकवला, आणि हनुवटीला हात लावून मावशींकडे बघितलं.

ताई, दाढीसाठी. चित्र बघून झाल्यावर. माझ्या मनात शंका होती ती तिथं संपली. मावशी पदरानं डोळे पुसत आत गेल्या आणि गरम पाणी घेऊन आल्या. सरांना बरं वाटेल म्हणालात ना? नाही वाटलं.

मी तुम्हाला या म्हणणार नाही. ताप आलेल्या मुलीला कुणी काही सांगू नये. जे झालं ते कळवलं.

घाईबाई

७ मार्च

ताई,

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. गाडीत असाल. म्हणून पुन्हा कागद.

आधी माझी माफी. दार मी उघडलं, आणि समोर पांढऱ्या केसांच्या, खांद्याला पिशवी लावलेल्या बाई बघून म्हटलं, "रक्त न्यायला आलात ना? डाव्या हाताचं घ्या, उजव्याचं मिळत नाही." टेबलावरच्या फोटोतली लांब वेणीवाली मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तुम्हाला ओळखलं नाही. मग ज्याच्या मेंदूचा अर्धा भाग गेलाय त्यानं ओळखावं, अशी अपेक्षा कशी करायची? पण आम्ही सगळ्यांनी तीच केली.

आणि दिवसही नेमका तो. चार दिवसांपासून सर खात नव्हते, अंगात त्राण नव्हतं, दाढी मीच नको म्हटलं होतं. तुम्ही पलंगाच्या पायाशी येऊन उभ्या राहिलात. मी म्हटलं, "बसा ना." तुम्ही म्हणालात, "नाही, निघायचंय." पिशवीसुद्धा खांद्यावरून काढली नाहीत. सरांनी तुमच्याकडे बघितलं, मग तुमच्याकडून माझ्याकडे. आणि तेच विचारलं.

"धाकटी... आली का?"

तुमच्यासमोर. तुमच्या तोंडावर. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तुम्ही मात्र ओठ मिटून जरा हसलात, आणि म्हणालात, "आली म्हणे. छान क्रिस्टल आलेत. काळजी करू नका." आणि वळलात. मी "ताई, तसं नाही" म्हणत जिन्यापर्यंत आले, तर तुम्ही मागे न बघता म्हणालात, "तसंच आहे. माझी कशाबद्दल तक्रार नाही." तुमचा आवाज अगदी शांत होता.

आता तुम्ही पाहिलं नाहीत ते.

मी परत खोलीत आले तर सर दाराकडे बघत होते. डावा हात वर करून त्यांनी स्वतःच्या कानशिलावरून फिरवला, केसांवरून. काहीतरी शोधत होते. मावशी म्हणाल्या, "डोकं दुखतंय का?" त्यांनी नाही अशी मान हलवली. पुन्हा कानशिलावर हात.

"पिकले," म्हणाले.

त्यांचे स्वतःचे तर मी बघतेय तेव्हापासून पांढरेच आहेत. त्यांना त्याचं नवल कशाला? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "ताईंचे?" त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. सध्या 'हो'साठी तेवढंच करतात.

मी पळाले. चप्पल एक माझी, एक मावशींची. नाक्यापर्यंत पळाले तर बस निघाली होती. मागच्या काचेतून तुमची पिशवी दिसली. मी हात केला, हाक मारली. आयुष्यभर घाई केली, सगळीकडे वेळेआधी पोचले, आणि आज हे. थांब्यावरच्या माणसानं विचारलं, "काही राहिलं का त्यांचं?" मी हो म्हटलं. याहून जास्त त्याला काय सांगणार?

परत आले, दम लागला होता. म्हटलं, "सर, त्याच होत्या. तीच तुमची धाकटी." मला वाटलं त्यांना धक्का बसेल. नाही बसला. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं. तुम्ही बोललात तेव्हा, की वळलात तेव्हा, ते मला सांगता येणार नाही, आणि त्यांना तर नाहीच येणार. आधी विचारलं ते का विचारलं, हेही नाही. वाट बघत होते ती वेणीवाल्या मुलीची, आणि आलेल्या बाईला तिचीच विचारपूस केली, असं मी धरून चालले आहे. तुम्हाला दुसरं काही वाटलं तर तुमच्याशी भांडायला माझ्याकडे पुरावा नाही. हात सुटतो हे जसं दाखवता आलं नाही, तसंच हेही.

त्यांनी पायाशी असलेल्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. शब्द शोधायला लागले. खूप वेळ लागला ताई, कपाळावर घाम आला. मी मदतीला शब्द देऊ नयेत असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून तोंड हातानं दाबून धरलं.

"बस म्हण," म्हणाले. "बस म्हण तिला."

खुर्चीत कुणी नव्हतं. त्यांनाही ते दिसत होतं. तरी त्यांनी मला सांगितलं, आणि मी मान हलवली.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली तर सरांनी हात हलवून त्यांना उठवलं. बिचाऱ्यांनी उभ्यानंच नाडी बघितली, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, आता दिवसांचीसुद्धा खात्री देता येणार नाही. मीही खाली चटईवर बसले आहे. मावशी दाराशी. या घरात सध्या बसायची सोय नाही.

हे पत्र तुम्हाला कधी मिळेल, मिळेल तेव्हा इथं काय असेल, माझ्या हातात काही नाही. मला दिलेला निरोप एवढाच होता, तो जसाच्या तसा पोचवते. ताई, या. आणि आल्यावर उभ्या राहू नका.

घाईबाई